शपथ तिसऱ्या दिवशी का मोडते?



या पंधरवड्याचा अभ्यासपाठ नेहमीपेक्षा लांब झाला आहे. सायंप्रार्थनेनंतर घरातल्या एकाने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. दोन दिवस लागले तरी हरकत नाही.

पाठाला कारण एक प्रश्न आहे. बेला भागातल्या एका सूनबाईंनी पाठवला, नाव देऊ नका म्हणाल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "आमचे मामाजी गावात प्रार्थना सांगतात. खंजिरी त्यांच्यासारखी कोणाला वाजवता येत नाही. दोन वेळा सगळ्यांसमोर बिडी सोडायची शपथ घेतली. दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोडली. आता गोठ्यामागे जाऊन ओढतात. घरात सगळ्यांना माहीत आहे, पण कोणी बोलत नाही. माझं बाळ सहा महिन्यांचं आहे. एकदा सासूबाई बोलल्या तर म्हणाले, शेगावचे महाराज चिलीम ओढत नव्हते का? मग सगळे गप्प. यांची श्रद्धा कमी पडते का, का शपथच खोटी होती?"

शेवटचं वाक्य वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. कारण हाच प्रश्न मी स्वतःला विचारला होता. मोझरीला पुण्यतिथी महोत्सवात, ४ वाजून ५८ मिनिटांची मौन श्रद्धांजली झाल्यावर, मी खिशातलं बंडल काढून टाकलं होतं आणि मनाशी नेम केला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे घरामागे तुऱ्हाट्याच्या ढिगाआड बसून बिडी ओढली. बिडीपेक्षा जास्त त्रास त्या लपण्याचा झाला. पुढचे सहा महिने मी प्रार्थनेत मागच्या रांगेत बसायचो. शेवटी बिडी सुटली ती चौथ्या प्रयत्नात, आणि ती का सुटली हे मला फार उशिरा कळलं. म्हणून सूनबाईंना सरळ सांगतो: श्रद्धा कमी नाही, शपथही खोटी नव्हती. तयारी नव्हती. तिसरा दिवस हा निकोटिनचा दिवस असतो, आणि तो येणार आहे हे आपल्याला कोणी सांगत नाही.

*आधी चिलमीचं बोलू*

हा मुद्दा आपल्या घराघरात निघतो, म्हणून टाळत नाही. शेगावचे गजानन महाराज आणि शिर्डीचे साईबाबा चिलीम ओढत, हे त्यांच्या चरित्रांतच आहे. ते लपवायचं कारण नाही. पण गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ ला शेगावात पहिल्यांदा लोकांना दिसले ते काय करताना? बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. ते आपल्यापैकी कोण करतं? त्यांचं वस्त्राचं भान नसणं कोणी घेतलं? अन्न वाया घालवू नये हे तरी किती घरांत पाळलं जातं? चरित्रातली चिलीम तेवढी बरोबर लक्षात राहते. संतांची गोष्ट आपल्या सोयीने उचलायची आणि वर त्यांचंच नाव पुढे करायचं, हे काही बरं नव्हे.

दुसरं, तंबाखू म्हणजे आपली फार जुनी चाल आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. हे रोप मूळचं अमेरिकेतलं. पोर्तुगीजांनी ते आपल्याकडे आणलं. विजापूरला गेलेला असद बेग नावाचा सरदार १६०४ च्या सुमारास परत आला तेव्हा त्याने अकबर बादशहापुढे तंबाखू ठेवली, आणि दरबारातल्यांना ती नवलाची वस्तू वाटली. जहांगीरने तर १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली होती. म्हणजे ज्ञानेश्वर माउलींनी, नामदेवांनी तंबाखूचं पान डोळ्यांनी पाहिलेलंही नाही. गांजा जुना असेल, तंबाखू जुनी नाही. वंदनीय राष्ट्रसंतांनी ग्रामगीतेत ग्रामआरोग्याला स्वतंत्र अध्याय दिला, तो गावाच्या रोजच्या सवयी सुधाराव्यात म्हणूनच. आपण त्यांचे सेवक म्हणवतो, तर तोच धागा धरू.

चिलमीचं एवढं पुरे.

*निकोटिन करतं काय*

तंबाखूच्या पानात निकोटिन नावाचं द्रव्य असतं. बिडीचा झुरका घेतला की धूर फुफ्फुसात जातो, तिथून रक्तात, आणि दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. शिरेत सुई टोचूनही औषध याहून लवकर मेंदूत जात नाही. मेंदूत त्यासाठी जणू गवाणी आहेत. निकोटिन तिथे जाऊन बसलं की डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि क्षणभर बरं वाटतं, डोकं जाग्यावर आल्यासारखं वाटतं.

आता हिशेब करा. एका बंडलात पंचवीस बिड्या, एका बिडीचे दहा झुरके. दिवसाला अडीचशे वेळा मेंदूला हा निरोप जातो. वर्षाला नव्वद हजारांहून जास्त. इतकं नामस्मरण आपल्यात कोण करतं, हे ज्याने त्याने पाहावं. एवढ्या वेळा शिकवलेला धडा मेंदू कसा विसरेल?

रोज निकोटिन मिळतं म्हटल्यावर मेंदू गवाणी वाढवतो. आठ बैलांच्या गोठ्यात वीस बैल बांधावे तसं होतं. वैरण पडत राहिली तर सगळं शांत. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, मग एकेक बैल हंबरायला लागतो. माणूस म्हणतो, "डोकं चालत नाही, एक बिडी आण." बिडी ओढली की हंबरणं थांबतं आणि त्याला वाटतं, बिडीने टेन्शन गेलं. खरं म्हणजे ते टेन्शन आधीच्या बिडीनेच आणलेलं असतं. जो ओढत नाही त्याला त्या वेळी काहीच होत नसतं.

रात्री सात-आठ तास वैरण बंद असते. म्हणून पहाटेची पहिली बिडी सगळ्यात जड. आपलं व्यसन किती पक्कं आहे हे ओळखायची डॉक्टरांची एक सोपी खूण हीच आहे: उठल्यावर पहिली बिडी किती वेळाने पेटते? तोंड धुवायच्या आधी, पाच मिनिटांच्या आत पेटत असेल तर पकड फार घट्ट. अर्ध्या तासात पेटत असेल तरी घट्टच. तास-दोन तास थांबता येत असेल तर सुटायला थोडं सोपं. घरातल्यांनी हे विचारून लिहून ठेवावं, पुढे उपयोगी पडतं.

शपथ घेतली आणि एकदम बंद केलं, तर काय होतं? पहिल्या दिवशी उत्साह असतो. भजन कानात असतं, लोक पाठ थोपटतात. पण त्याच दिवशी काही तासांतच तलफ सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जाते. चिडचिड, डोकं जड, झोप नाही, कामात लक्ष नाही, उगीच रडू येतं. नंतर ती उतरायला लागते आणि दोन ते चार आठवड्यांत बरीचशी जाते. गोठ्यातले जास्तीचे बैलही काही आठवड्यांत कमी होतात. म्हणजे जो तिसऱ्या दिवशी बिडी पेटवतो, तो घाटाच्या अगदी माथ्यावरून मागे फिरतो. पुढे उतारच होता. हे त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, हे असंच जन्मभर राहणार.

दुसऱ्या कशाची मदत न घेता नुसत्या निश्चयावर सोडणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात. जगभर हाच अनुभव आहे. त्यात देवभक्त, नास्तिक, शिकलेले, अडाणी सगळे आले. आणि इच्छा नसते असंही नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी सोडायचा विचार असल्याचं सांगितलं होतं. त्या पाहणीत तेलंगणात पंधरा वर्षांवरचे १७.८ टक्के लोक कुठल्या तरी रूपात तंबाखू घेणारे निघाले, महाराष्ट्रात २६.६ टक्के. आपण पैनगंगेच्या अल्याड-पल्याड दोन्हीकडे नातेसंबंध असलेली माणसं. खर्रा तिकडून आला, बिडी इकडची.

*बिडी सिगरेटपेक्षा बरी?*

आपल्याकडे समजूत आहे की बिडी म्हणजे नुसता पाला, सिगरेट म्हणजे केमिकल. उतनूर-इंद्रवेल्लीच्या रानात उन्हाळ्यात तेंदूचा पाला तोडतात, तेलुगूत त्याला तुनिकाकू म्हणतात. पन्नास पानांचे पुडे बांधून फडीवर देतात. आपल्या किती घरांत त्या पैशावर पावसाळ्याची बी-बियाणं येतात. डोळ्यांसमोरचं झाड, म्हणून विश्वास बसतो. पण त्या पानात हवा शिरत नाही. कागदातून थोडी तरी हवा जाते. म्हणून बिडी सारखी विझते, ती जळत ठेवायला जोराने आणि लवकर लवकर ओढावं लागतं. बिडीत तंबाखू सिगरेटपेक्षा कमी असली तरी धुरातून निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त येतं. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं सापडली आहेत, त्यांतली सत्तरएक कॅन्सर करणारी.

२००८ मध्ये भारतातल्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की बिडी ओढणारा पुरुष सरासरी सहा वर्षं आधी जातो, बिडी ओढणारी बाई आठ वर्षं आधी, आणि सिगरेट ओढणारा पुरुष दहा वर्षं आधी. बिडीचा आकडा पुरुषांत लहान दिसतो म्हणून कोणी खूश होऊ नये. सहा वर्षं म्हणजे नातवाचं पहिलीत जाणं ते सातवीत जाणं.

कॅन्सर सगळ्यांना ठाऊक आहे, पाकिटावर चित्रच असतं. म्हणून ज्याचं चित्र आपल्या डोक्यात नसतं त्याबद्दल बोलतो.

पहिला क्षय, म्हणजे टीबी. बिडीने टीबीचा जंतू येत नाही, पण धुराने फुफ्फुसाची राखण ढिली पडते आणि आत दबून असलेला जंतू उठतो. २००३ मध्ये तामिळनाडूतल्या अभ्यासात आढळलं की धूम्रपान करणाऱ्या पुरुषाचा टीबीने मरण्याचा धोका न करणाऱ्याच्या सुमारे चौपट होता. आपल्या जिल्ह्यात खोकला म्हटलं की "बिडीचा खोकला आहे" म्हणून सोडून देतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. फुकट होते. ती बिडीचीच निघाली तर बरंच आहे.

दुसरी गोष्ट पायाची. चाळिशीच्या आतला धट्टाकट्टा शेतकरी, साखर नाही, बीपी नाही. चालताना पोटरी दुखते, थांबलं की राहते. मग रात्री पायाची बोटं ठणकायला लागतात, एक बोट निळं पडतं, छोटी जखम भरत नाही. लोक म्हणतात काटा लागला, विंचू चावला, कोणी करणी केली. या आजाराला बर्गरचा आजार म्हणतात, १९०८ मध्ये लिओ बर्गर नावाच्या डॉक्टरने त्याचं वर्णन केलं. हातापायाच्या बारीक रक्तवाहिन्या सुजून बंद होतात. हा जवळजवळ फक्त तंबाखू घेणाऱ्यांनाच होतो आणि बिडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत जास्त दिसतो. यावर गोळ्या आहेत, ऑपरेशन आहे, पण पाय वाचवायचा खात्रीचा उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद. दिवसाला एक-दोन बिड्या चालू ठेवल्या तरी बोट जातं, मग पाऊल. औताच्या मागे चालणाऱ्या माणसाचा पाय म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

हार्ट अटॅक आणि लकवा यांनी तर कॅन्सरहून जास्त माणसं जातात. पायऱ्या चढताना लागणारा दम ज्याला आपण "दमा" म्हणतो, तो पुष्कळदा बिडीने झिजलेल्या फुफ्फुसाचा असतो. झिजलेलं परत येत नाही, पण झीज थांबते.

आणि सूनबाईंचं बाळ. दुसऱ्याच्या धुरात श्वास घेणाऱ्या लेकरांना न्यूमोनिया, कान फुटणं, धाप लागणं जास्त होतं. "मी बाहेर ओढतो" म्हणणारे आजोबा येऊन त्याच सदऱ्यानिशी बाळाला छातीशी धरतात. बिडी सुटेपर्यंत तरी एवढं ठरवा: ओढून आल्यावर हात-तोंड धुवायचं, सदरा बदलायचा, मग बाळाला घ्यायचं. हे सांगताना सुनेने सांगू नये, मुलाने सांगावं. म्हाताऱ्या माणसाला सुनेच्या तोंडून ऐकताना दुखतं, आणि दुखलं की तो गोठ्यामागेच जातो.

*बिडी वळणाऱ्या मायमावश्यांसाठी*

निर्मल भागातल्या गटांत बिड्या वळून घर चालवणाऱ्या बाया आहेत. निर्मल जिल्हा २०१६ पर्यंत आपल्याच आदिलाबादचा भाग होता. एका ताईने मागे विचारलं होतं, "दादा, मी प्रार्थनेत बसते आणि दिवसभर बिड्या वळते, मला पाप लागतं का?" माझं मत विचाराल तर नाही. पोट भरायचं दुसरं काम हाताला असतं तर कोण कंबर मोडेपर्यंत सूप मांडीवर घेऊन बसलं असतं? तेलंगण सरकार बिडी कामगारांना पेन्शन देतं. २०१५ मध्ये महिना १००० रुपये होतं, २०१९ मध्ये २०१६ रुपये केलं. त्यावरूनच कळावं की या कामाने माणूस झिजतो हे सगळ्यांना मान्य आहे.

पण तब्येतीचं बघा. निकोटिन कातडीतूनही आत जातं. मळमळ, चक्कर, डोकेदुखी ही नुसती उपाशीपोटीची नसते. उजेड-वारा असलेल्या जागी वळा. तंबाखूचं सूप पाळण्याजवळ, चुलीजवळ ठेवू नका. जेवायच्या आधी आणि बाळाला पाजायच्या आधी हात साबणाने दोनदा धुवा, पदरही बदला. पोटुशी असाल तर नर्सबाईला काम काय करता ते सांगा. पाने कापायला लेकीला शाळेतून घरी ठेवू नका, एवढी एक विनंती.

*तर सोडायचं कसं*

शपथ घ्याच. शपथेला मी नाही म्हणत नाही. सगळ्यांसमोर बोललेला शब्द माणसाला धरून ठेवतो. पण शपथ म्हणजे पेरणी. आधी नांगरट नको का?

तारीख ठरवा, आठ-दहा दिवस पुढची. कापूस वेचणीची धांदल, लग्नाची गडबड, फवारणीचे दिवस टाळा. (फवारणी करताना त्याच हाताने बिडी तोंडाला लावणं म्हणजे विष हाताने तोंडात घालणं. ते तर आजच बंद करा.) या आठ दिवसांत कुठली बिडी कधी पेटते ते पाहा: पहाटेची, चहाबरोबरची, जेवणानंतरची, बांधावर सोबत्याबरोबरची. ठरल्या दिवसाच्या आदल्या रात्री घरातलं बंडल, काडेपेटी, खिशातली चुरगळलेली अर्धी बिडी, सगळं बाहेर काढा. "असू दे एक, अडीअडचणीला" असं म्हणून ठेवलेली बिडीच तिसऱ्या दिवशी सापडते. मला सापडली होती, कंदिलाच्या मागे.

पहाटेच्या बिडीच्या जागी काहीतरी ठेवावं लागतं, नुसती जागा रिकामी राहत नाही. आपल्याकडे सामुदायिक ध्यान आहेच. उठल्याबरोबर तोंड धुवून, एक तांब्या पाणी पिऊन सरळ ध्यानाला बसा. घरातल्या एकाने तरी पहिले पंधरा दिवस सोबत बसावं. एकटं सोडू नये. तलफेची एक लाट तीन ते पाच मिनिटांची असते. ती येते, चढते, उतरते. त्या पाच मिनिटांत हाताला काम द्या: गुरांना पाणी दाखवा, खंजिरी घ्या, नातवाला उचला, लवंग किंवा भाजलेली बडीशेप चघळा.

चहा निम्मा करा. हे कोणी सांगत नाही. बिडीच्या धुरामुळे शरीर चहातलं कॅफिन लवकर बाहेर टाकत असतं. बिडी बंद झाली की तेच कॅफिन जास्त वेळ अंगात राहतं, आणि सहा कप चहा दहा कपांसारखा चढतो. छातीत धडधड, झोप नाही, चिडचिड. माणूस म्हणतो बिडी सोडल्याने झालं.

शौचाला साफ होत नाही ही तक्रार हमखास येणार. आतड्यांना निकोटिनचा धक्का लागायची सवय झालेली असते. दहा-पंधरा दिवसांत वळणावर येतं. तोवर पाणी भरपूर, अंबाडीची भाजी, पेरू, ज्वारीची भाकरी. खोकला सुरुवातीला वाढू शकतो. धुराने निजलेली फुफ्फुसाची बारीक लव जागी होऊन साचलेला कफ वर ढकलते, म्हणून. आमच्या ओळखीतल्या दोघांनी "बिडी सोडली आणि खोकला लागला" म्हणून परत सुरू केली. वजन सरासरी चार-पाच किलो वाढतं. वाढू द्या. मात्र खोकल्यात रक्त पडलं किंवा ताप राहिला तर वाट पाहू नका.

पहिली बिडी उठल्याबरोबर पेटत असेल तर औषधाची मदत घ्या. यात कमीपणा नाही. निकोटिनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं, २ मिलिग्रॅमचं. निकोटिन तेच, पण धूर नाही, आणि ते हळूहळू मिळतं, म्हणून गोठ्यातला गोंधळ आवाक्यात राहतो. अशा औषधाने सुटण्याची शक्यता साधारण दीडपट होते. पण ते खर्ऱ्यासारखं चघळायचं नाही. चार-सहा वेळा सावकाश चावा, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवा, चुरचुर गेली की परत चावा. अर्धा तास पुरतं. गपागप चावून रस गिळला तर उचकी लागते, पोटात जळजळ होते आणि माणूस म्हणतो, हे काही कामाचं नाही. खाण्याआधी पंधरा मिनिटं चहा घेऊ नका. हृदयाचा आजार असेल किंवा बाई गरोदर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आदिलाबादला रिम्समध्ये दुसऱ्या कशासाठी जात असाल तरी डॉक्टरांना आपणहून सांगा की बिडी सोडायची आहे. दुसऱ्याही गोळ्या आहेत, त्या त्यांनीच द्यायच्या.

बिडी सोडून खर्रा धरला, याला सोडणं म्हणत नाहीत. खर्ऱ्यात सुपारी आणि तंबाखू दोन्ही असतात. सुपारीने तोंडाची आतली कातडी आखडते. आपली तीन बोटं उभी करून तोंडात जातात का, हे आज रात्री घरातल्या प्रत्येकाने आरशासमोर पाहावं. जात नसतील तर दाताच्या डॉक्टरकडे जा. पलीकडे गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने सरकार आणि टाटा ट्रस्टसोबत २०१६ पासून मुक्तिपथ नावाचं काम चालवलं आहे, दारू आणि तंबाखू दोन्हींवर. तिथे गावच एकत्र बसून दुकानातली विक्री बंद करायचं ठरवतं. आपल्या गावच्या मंडळाला हे करता येईल का, यावर वेगळा पाठ करू. पोरांचं सिगरेटचं आणि फ्लेवरच्या ई-सिगरेटचंही तेव्हाच बोलू. ई-सिगरेटवर २०१९ पासून देशात बंदी आहे, एवढं लेकरांच्या कानावर असू द्या.

*घरातल्यांनी काय करायचं*

पहिले तीन दिवस त्या माणसाच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका. तो भांडेल, ताट ढकलेल. "बघू किती दिवस टिकतं ते" हे वाक्य घरात कोणीही, चेष्टेनेसुद्धा, उच्चारायचं नाही. मधेच एखादी बिडी ओढली गेली तर शपथ मोडली म्हणून गावभर करू नका. त्यालाही तसं वाटू देऊ नका. घसरणं वेगळं, परत राहायला जाणं वेगळं. एक बिडी ओढली तर दुसरी ओढू नये, आणि कोणत्या वेळी, कोणासोबत ओढली ते लिहून ठेवावं. बहुतेकांची बिडी पहिल्याच प्रयत्नात सुटत नाही. मागचे प्रयत्न फुकट जात नाहीत.

मामाजींचं वय प्रश्नात लिहिलेलं नाही. पण साठीचे असतील तरी उशीर झालेला नाही. इंग्लंडमध्ये हजारो डॉक्टरांवर १९५१ ते २००१ अशी पन्नास वर्षं पाहणी झाली. ज्यांनी तिशीत सिगरेट सोडली त्यांची जवळजवळ दहा वर्षं वाचली, चाळिशीत सोडणाऱ्यांची नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठीत सोडणाऱ्यांचीही तीन. शेवटची बिडी विझल्यावर वीस मिनिटांत नाडी खाली येऊ लागते, दिवसभरात रक्तातला विषारी वायू निघून जातो, वर्षभरात हार्ट अटॅकचा जास्तीचा धोका निम्मा होतो.

आता सूनबाईंच्या घरासाठी. मामाजींना हा पाठ वाचून दाखवू नका. त्यांनाच वाचायला द्या, प्रार्थनेनंतर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. ते प्रार्थना सांगणारे आहेत, आवाज चांगला असणार. तिसऱ्या दिवसाचा भाग आला की ते क्षणभर थांबतील. त्या वेळी कोणी त्यांच्याकडे बघू नये.

फुकट सल्ल्याचा सरकारी फोन: १८००-११-२३५६. हाच नंबर पाकिटावरही छापलेला असतो. वाचता येत नसेल तर नातवाकडून लावून घ्या.

ज्यांची तारीख ठरेल त्यांनी ती आपल्या गटप्रमुखाला वेगळ्या मेसेजमध्ये कळवावी. नाव गटावर टाकायचं नाही, अभिनंदनाचे हार-फुलांचे फोटोही नकोत. त्या तारखेच्या तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता गटप्रमुख स्वतः फोन करतील, आणि ध्यान होईपर्यंत फोन चालू ठेवतील.

जय गुरुदेव.